दुपारचे झटके

१

लागोपाठ तिसऱ्या दुपारी सहाव्या पाळण्यातल्या मुलीला झटके आले, आणि आले ते नेमके त्याच वेळेला.

असयूत शहरातल्या आपल्या खोलीत बसून डॉक्टर इन्शिराह पडद्यावर ते बघत होत्या. नदीच्या वरच्या अंगाची पाच-सहा लहान सरकारी इस्पितळं आपल्या तान्ह्या बाळांच्या मेंदूचे आलेख त्यांच्याकडे पाठवत. जन्मताना श्वास कोंडलेली, मेंदूला मार बसलेली ही बाळं. पूर्वी त्यांना सरळ नशिबावर सोडून देत. आता तीन दिवस थंड गादीवर ठेवायचं, डोक्याला तारा लावून मेंदूवर नजर ठेवायची आणि मग हळूहळू ऊब द्यायची. ही पद्धत त्या इस्पितळांत बाईंनीच भांडून भांडून सुरू करायला लावली होती. भांडायला त्यांच्याकडे वेळ भरपूर होता. नवरा कुवेतला गेला तो तिकडचाच झाला, मूलबाळ नव्हतं, आणि घरी त्यांची वाट बघणारं काही असेल तर ते फक्त गळक्या नळाखाली ठेवलेलं पातेलं.

मुलीला अजून नावही नव्हतं. थंड गादीवरून उतरली तेव्हा तिचा आलेख इतका छान होता की बाईंनी एकटीनेच टाळी वाजवली होती. आणि दुसऱ्या दिवसापासून हे असं. बाळांच्या आयांना आत सोडायची वेळ झाली की पडद्यावर करवतीचे दाते सुरू. थोडा वेळ चालायचे आणि बंद व्हायचे.

फोन वाजला. तिकडचे मुख्य डॉक्टर रिफअत बोलत होते.

"पाहिलंत ना, डॉक्टरबाई? औषध वाढवलं तरी चालूच आहे. मी आता दुसरं औषध सुरू करतो."

"त्यानं तिचा श्वास थांबेल."

"श्वासाचं यंत्र आहे की आपल्याकडे."

"त्या यंत्रावर गेलेली किती बाळं परत आली, ते मला बोलायला लावू नका."

रिफअत आवाज उतरवून म्हणाले, "अजून एक आहे. मुलीचं अंग जराही हलत नाही. हात नाही, पाय नाही, पापणी नाही. जे काय आहे ते नुसतं पडद्यावर. आणि आयांची वेळ सोडली तर दिवसभरात काही नाही. मला वाटतं, आत येऊन कोणीतरी तिला काहीतरी देतंय."

२

बाई दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने पोचल्या.

इस्पितळाच्या अंगणात बोरीच्या झाडाखाली मुलीची माणसं चटई टाकून बसली होती. मधोमध आजोबा, हज करून आलेले हाग्ग दाखली. काठी मांडीवर आडवी, पाठ ताठ. त्यांचा मुलगा खलफल्ला, म्हणजे मुलीचा बाप, बाजूला उभा. चांगला दांडगा माणूस, पण बापापुढे शाळकरी पोरासारखा हात बांधून उभा होता.

"मुलीला पाहिलंत का?" बाईंनी त्याला विचारलं.

त्यानं आधी बापाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "पुरुषांना सोडत नाहीत आत. आणि बघून काय करायचंय? अल्लाची मर्जी."

"पोरीचं काय विचारता, तिच्या आईचं विचारा," हाग्ग दाखली म्हणाले. "तिला नदीपलीकडच्या मोठ्या इस्पितळात ठेवलंय. रक्त थांबत नाहीये तिचं. पोरी काय, देणारा आणखी देईल."

बाईंना राग आला. या मुलखात सगळी हयात गेली होती त्यांची, आणि बापासमोर आपल्या लेकराला जवळ घेणं हा इथे फाजीलपणा समजतात हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तरी राग आला. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी झालेली मुलगी, आणि तिच्यासाठी एक शब्द नाही!

वॉर्डाच्या दारात उम्म जिर्जिस वाट अडवून स्टुलावर बसली होती. आत आया बाळांना पाजतात, म्हणून पुरुषांना बंदी, आणि ती बंदी म्हणजे उम्म जिर्जिस.

"माझ्या डोळ्यांदेखत पुरुष जातीचा डाससुद्धा आत गेलेला नाही," ती म्हणाली. "डॉक्टर आणि यंत्राच्या तारा लावणारा तारवाला सोडून. आणि तारवाल्याला मी पुरुषात धरत नाही."

आत अवातिफ नर्स डोळे पुसत होती. तिने बाईंना कोपऱ्यात ओढलं. "मी औषध चोरून विकते म्हणतात, बाई! पोरीला पाणी टोचते म्हणतात! माझ्या मुलांची शपथ, मी स्वतः भरते आणि स्वतः देते."

"रडू नकोस. रक्त तपासलं की कळेल. औषध दिलं असेल तर रक्तात असेलच."

बाईंनी रक्त काढून पाठवलं. तारवाल्याला बोलावून सहाव्या पाळण्याचं यंत्र शेजारच्या पाळण्याला लावलं आणि शेजारचं इकडे आणलं. यंत्र बिघडलेलं असेल, तर आता झटके शेजारच्या जुळ्यांपैकी एकाला यायला हवे.

मग त्या मुलीजवळ बसल्या. एवढीशी मूठ, डोक्यावर तारांची टोपी. पाळण्यावर पाटी होती: 'शांतता राखा. बाळाला विनाकारण हात लावू नका.' आजूबाजूला आया आल्या, कुजबुज सुरू झाली, एकमेकींच्या बाळांची नावं घेऊन थट्टा सुरू झाली. या पाळण्याशी मात्र कोणी आलं नाही. सगळ्या वॉर्डात दोनच जणी एकट्या होत्या, ही आणि मी, असं बाईंच्या मनात आलं, आणि त्यांनी ते लगेच झटकलं.

आयांची वेळ संपली. आलेख शेवटपर्यंत सपाट, शांत आणि सुंदर राहिला. त्या दिवशी झटका आलाच नाही.

३

"बघा!" रिफअत खूश झाले. "औषध लागू पडलं."

"नाही पडलं," बाई म्हणाल्या. "मी तिथे बसले म्हणून आला नाही."

"म्हणजे?"

"रिफअतभाई, झटक्याला डॉक्टरची लाज वाटत नाही. माणसाला वाटते."

रिफअतांनी कपाळाला हात लावला. "ठीक आहे. उद्याची दुपार तुमची. उद्या पुन्हा आले, तर संध्याकाळी दुसरं औषध सुरू. रोज झटके येत असताना मी हातावर हात धरून बसलो, तर ती गेल्याचा दोष माझ्याच माथी येईल. मलाही झोप लागत नाही हो."

त्यांचंही खोटं नव्हतं. खरे झटके असते, तर वाट बघणं म्हणजे मेंदू जळू देणं.

संध्याकाळी नर्सेसच्या खोलीत अवातिफने चहा केला, इतका गोड की चमचा उभा राहील. रक्ताचा निकाल आला होता. औषध पुरेपूर होतं. अवातिफ सुटली, आणि त्या आनंदात तिने बाईंच्या कपात आणखी साखर घातली. यंत्रंही दोन्ही ठणठणीत निघाली.

बाईंनी आधीच्या दुपारांचा आलेख कागदावर काढून टेबलावर पसरला. नुसता ठोकळ आलेख नाही, बारीक रेघ न् रेघ.

"इकडे ये. हे बघ. खरा झटका कसा असतो? बारीक सुरू होतो, चढतो, मग दम लागल्यासारखा मंदावतो. हा बघ. सुरू झाला तेव्हा जेवढा, बंद होताना तेवढाच. नळ उघडला आणि बंद केला. आणि मधल्या जागेत मेंदूची रेघ कशी आहे? एकदम निरोगी."

"मग हे दाते कसले?"

"तेच कळत नाहीये." बाई दाते बघत बघत बोटाने टेबलावर ठोके देऊ लागल्या. दोन दाते, मोकळी जागा. दोन दाते, मोकळी जागा. ठक ठक... ठक ठक...

अवातिफ हसली. "बाई, मामाची आठवण काढलीत."

"कोणता मामा?"

"माझा मामा विणकर. हा मागाचा ठेका आहे. धोटा टाकायचा, फणी दोनदा मारायची. पुन्हा धोटा टाकायचा, पुन्हा दोनदा मारायची. लहानपणी त्या आवाजाने झोप यायची मला. पलीकडच्या गावात, या पोरीच्या माणसांच्या गावात, घरोघरी हेच ऐकू येतं."

बाईंचा कप हवेतच राहिला. कोणीतरी त्या मुलीला थोपटत होतं! तिच्या पाठीवर पडलेला प्रत्येक हात तारांमधून पडद्यावर उमटत होता, आणि ते सगळे मिळून त्याला मेंदूचा झटका म्हणत होते.

"त्या गावात मागावर बायकाही बसतात का गं?"

"छे! बायका सूत काढतात. माग पुरुषांचा. बाईने मागावर बसलेलं मी तरी पाहिलं नाही."

बाई अवातिफकडे बघतच राहिल्या. ठेका पुरुषाच्या हाताचा होता, आणि त्या वेळी आत एकही पुरुष नसायचा.

४

सकाळी बाईंनी जुळ्यांच्या आईला, बदरियाला, गाठलं. बदरिया म्हणजे वॉर्डाचं वर्तमानपत्र.

"सहाव्या पाळण्याशी दुपारी कोण येतं?"

"कोणी नाही हो. तीच तर मोठी कीव येते. आई पलीकडे पडलेली, आजी कधीच वारलेली."

"आणि तुमच्या जुळ्यांकडे?"

"मी येते, नणंद येते. बस."

"ती म्हातारी तुमची नव्हे?" कोपऱ्यातली दुसरी आई मध्येच म्हणाली. "काळी चादर पांघरून येते ती? मला वाटलं तुमच्या सासूबाई."

"ती? मला वाटलं तुमची कोणी!"

दोघी एकमेकींकडे बघू लागल्या. बाई आणखी जवळ सरकल्या.

"कशी आहे ती?"

"आजारी असणार बिचारी," बदरिया म्हणाली. "बोलत नाही. खांबाआड बसते. आणि एक गंमत आहे तिची. आम्ही पाजायला घेतलं की ती तोंड फिरवून भिंतीकडे करते. मी एकदा म्हटलं, अगं आजी, आम्ही काय चोरी करतोय का? तर आणखीनच वळली. काल तुम्ही बसला होतात ना, तर दारातूनच परत गेली."

बाईंनी तिचे आभार मानले आणि दारात उम्म जिर्जिसपाशी गेल्या. "काळ्या चादरीतली म्हातारी रोज येते, तिचं तोंड कधी पाहिलंस?"

"झाकलेल्या बाईला तोंड दाखव म्हणू? मी काय पोलीस आहे? उंच आहे, एवढं खरं. आणि बूड टेकल्यावर गुडघे फाकवून बसते, जनाची लाज नाही." मग उम्म जिर्जिसचं तोंड हळूहळू उघडत गेलं. "अगं मर्यममाते... डॉक्टरबाई, तुम्ही म्हणताय तरी काय?"

"मी अजून काहीच म्हटलेलं नाही. तूही म्हणू नकोस."

बायकांमध्ये बसलेली बाई दूध पाजणाऱ्या बाईकडे पाठ का करील? करणार नाही. पाठ करील तो पुरुष, आणि तोही अब्रूदार. आणि त्या मुलखात पुरुषाने बाईची चादर पांघरणं म्हणजे काय, हे बाईंना कोणी सांगायला नको होतं. सूड घ्यायला कचरलेल्या माणसाच्या दारात तिथे बायकी चादर टाकतात. त्यानंतर त्याच्या हातचा चहा कोणी पीत नाही. एवढी नामुष्की कोण अंगावर घेईल, आणि कशासाठी?

दुपारी आयांना आत सोडलं तेव्हा बाई पलीकडच्या खोलीत पडद्यासमोर होत्या. रिफअत मागे उभे होते. रेघ सपाट होती. मग दोन दाते उमटले. मोकळी जागा. पुन्हा दोन.

"आला," रिफअत म्हणाले. "डॉक्टरबाई, आता मला अडवू नका." आणि ते औषधाच्या कपाटाकडे वळले.

"मी परत येईपर्यंत किल्ली लावू नका," बाई म्हणाल्या आणि आत शिरल्या.

५

खांबाआड काळी चादर बसली होती. चादरीतून बाहेर आलेला हात भला मोठा होता, पाळण्याइतका म्हटलं तरी चालेल, आणि तो मुलीच्या पाठीवर इतका हळू पडत होता की तिचं झबलंही हलत नव्हतं. मुलगी गाढ झोपली होती.

बाई शेजारी खाली बसल्या. "उठू नका. चादर सावरा. हळू बोला, खलफल्लाभाई."

हात जागीच थांबला. मग चादरीच्या आत तो दांडगा माणूस रडू लागला, आवाज न करता, नुसते खांदे हलत होते.

"कोणाला सांगू नका. माझ्या बापाला कळलं तर तो मला मारणार नाही, बाई. मारलं तर बरं. तो माझ्याकडे बघायचंच सोडून देईल."

"चादर कोणाची?"

"आईची. ती असती तर तीच आली असती ना रोज. बाहेरच्या काचेतून मी पहिल्या दिवशी पाहिलं. सगळ्यांकडे कोणी ना कोणी, आणि ही एकटीच पडलेली. बायकोनं तिथून निरोप पाठवला, तिला एकदा हात लावून या. मी काय करू? गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही हे कळतंय मला. पण ती एकटी होती हो." त्यानं नाक चादरीला पुसलं. "मी तिला काही दिलं नाही. पाणीसुद्धा नाही. बायकांकडे पाहिलंही नाही, कुराणाची शपथ. नुसता हात ठेवला."

"माहीत आहे. म्हणूनच तर कळलं."

मग बाईंनी त्याला सगळं सांगितलं. त्याचा हात पडद्यावर काय म्हणून उमटत होता, आणि त्यावरून संध्याकाळी काय सुरू होणार होतं. तो ऐकत गेला आणि चादरीत बुडत गेला. "माझ्या हातानं? मी तिला माझ्या हातानं..."

"तुमच्या हातानं तिला काही झालेलं नाही. आलेख वाचण्यात आम्ही चुकलो. ती चांगली आहे. ऐकताय का? तिचं डोकं चांगलं चाललंय. पुढचं सगळं आत्ता नाही सांगता येत, पण आज ती चांगली आहे."

त्याने डॉक्टरबाईंचा हात धरला असता, पण परक्या बाईला हात लावायचा नाही एवढं त्याला त्याही वेळी भान होतं. बाईंना मात्र वाटून गेलं की धरला असता तर बरं झालं असतं. किती वर्षांत कोणी धरला नव्हता.

"आता मी सांगते तसं करा," त्या म्हणाल्या. "हात उचला. थांबा. आता पुन्हा थोपटा. पुन्हा उचला."

पलीकडच्या खोलीत रिफअत पडद्यासमोर उभे होते. दाते थांबले, पुन्हा आले, पुन्हा थांबले. बाई परत आल्या तेव्हा किल्ली त्यांच्या मुठीत तशीच होती.

"थोपटणं?" ते म्हणाले. "नुसतं थोपटणं? आणि मी तिला यंत्रावर घालणार होतो!" ते खुर्चीत बसले. "कोण थोपटत होतं?"

"एक बाई. नात्यातली."

रिफअत त्याच मुलखातले. त्यांनीही कागदावर बोटानं दोन ठोके दिले, थांबले, पुन्हा दोन दिले, आणि बाईंकडे वर पाहिलं. "आमच्याकडे बायका मागावर बसत नाहीत, डॉक्टरबाई."

बाई आलेखाच्या कागदाची घडी घालू लागल्या.

"असेल एखादी बसत," रिफअत शेवटी म्हणाले, आणि किल्ली खिशात टाकली. "त्या नात्यातल्या बाईला मागच्या जिन्यानं जाऊ द्या. तिकडे आत्ता कोणी नसतं."

६

बाई अंगणात गेल्या तेव्हा खलफल्ला घाम पुसत कुठूनसा येऊन बापाशेजारी उभा राहिला होता, हात बांधून. डोळे लाल होते. बापाने ते पाहिले की नाही, कळायला मार्ग नव्हता.

"हाग्ग," बाई मोठ्याने म्हणाल्या, चटईवरच्या सगळ्यांना ऐकू जावं अशा आवाजात. "मुलीचे झटके थांबले. पण उपचार अर्धाच झालाय. उरलेला उपचार तुमच्या घरच्यांनी करायचाय."

"सांगा. रक्त हवं?"

"हात हवा. मेंदूला मार बसलेलं बाळ अंगाला आपल्या माणसाचा हात लागला की लवकर सावरतं. आई येऊ शकत नाही. तेव्हा बापानं रोज बसायचं, पाठीवर हात ठेवायचा, हळू थोपटायचं. डॉक्टर रिफअतांशी बोलणं झालंय, उद्यापासून बापांची वेळ वेगळी."

चटईवर कोणीतरी खाकरलं. हाग्ग दाखली काठीवर रेलले. "पुरुषानं बसून पोर थोपटायचं? लोक काय म्हणतील?"

"हा लाड नाही, हाग्ग. औषध आहे. मी लिहून देणार आहे. न घेतलं तर मुलगी तुमची, जबाबदारी तुमची."

म्हातारा आपल्या मुलाकडे बघत राहिला. खूप वेळ. त्याची नजर मुलाच्या डोळ्यांवर होती, मग कुठेतरी त्याच्या खांद्यावर गेली, तिथे गलाबियाला, त्याच्या पायघोळ अंगरख्याला, एक काळा लोकरीचा धागा चिकटला होता. हाग्ग दाखलींनी हात लांब करून तो धागा काढला, बोटांत चुरला आणि आपल्या खिशात ठेवून दिला.

"डॉक्टर सांगतात तर जायला हवं," ते म्हणाले. "जा. कशाला थांबलायस? आजच जा."

खलफल्लाने बापाच्या डोक्याचं चुंबन घेतलं आणि तो जवळजवळ धावतच पायऱ्या चढला. दारात उम्म जिर्जिसचा आवाज चढलेला ऐकू आला, मग रिफअतांचा, मग दोन्ही थांबले.

बाईंना गाडी गाठायची होती. त्यांनी पिशवी उचलली, चटईवरच्या माणसांचा निरोप घेतला. पण हाग्ग दाखली काठी टेकत त्यांच्या मागोमाग फाटकापर्यंत आले. तिथे चटईवरच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने थांबले.

"डॉक्टरबाई."

"बोला, हाग्ग."

म्हाताऱ्याने इकडे तिकडे पाहिलं. "माझी बायको गेल्यापासून मी कोणाला हात लावलेला नाही. हात राठ झालेत आता." त्याने ते पुढे करून दाखवले. "ते औषध... आजोबाच्या हातचं चालतं का?"

बाईंनी पिशवी खाली ठेवली. गाडी गेली तर गेली.

"चालतं," त्या म्हणाल्या. "चला, मी येते तुमच्याबरोबर. आधी कोपरापर्यंत हात धुवायचे, साबणाने."